मुलाला ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं: द्यावीत की थांबावं?

पिंट्याची आई:
मुलगा ९ वर्षांचा, उंची ११६ सेंमी. गेल्या वर्षभरात जेमतेम साडेतीन सेंमी वाढला. डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय साडेसहा आलं. थायरॉईड, सिलिअक (गहू न सोसण्याचा आजार), किडनी, सगळे रिपोर्ट नीट आहेत. आता डॉक्टर क्लोनिडीनची टेस्ट (गोळी देऊन वाढीचं हार्मोन किती सुटतं ते बघतात) करू म्हणताहेत, आणि हार्मोन कमी निघालं तर रोज इंजेक्शन. सासूबाई म्हणतात, "त्याचा बापही दहावीनंतरच वाढला, थांबा जरा." नणंदेनं तर मेसेज पाठवलाय की या इंजेक्शनांनी मेंदूचा रोग होतो. नवऱ्याची उंची १७०, माझी १५६. पावडरी आणि बारला लटकणं कृपया सुचवू नका, करून झालंय.

उशिरा_उगवलेला:
मी तुमच्या सासूबाईंच्या पार्टीतला. माझंही हाडांचं वय मागे होतं, मिसरूडसुद्धा कॉलेजात फुटलं. औषध काहीही नाही, आज १७२. बघा थांबून.

खुजा_पण_खमका:
ताई, मी लहानपणी ही इंजेक्शनं घेतलेला माणूस, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वरच्या मित्राबद्दल. हाडांचं वय त्याचंही मागे होतं, पिंट्याचंही आहे, पण फरक वेगात असतो. उशिरा वयात येणारी मुलं ठेंगणी दिसली तरी बहुधा वर्षाला पाच सेंमीच्या आसपास वाढत राहतात. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला चारहून कमी वाढत असेल तर कारण शोधायलाच हवं. तुमच्या दोघांच्या उंचीची बेरीज अधिक १३, भागिले दोन, म्हणजे साधारण १६९. पिंट्या त्या रस्त्यावर दिसत नाही. आणि हाडांची टोकं एकदा जुळली की कितीही हार्मोन टोचा, उंची वाढत नाही. थांबण्याचा सल्ला फुकट नसतो तो असा.

मेंदूच्या रोगाचा मेसेज निव्वळ थाप नाही, म्हणून तर तो इतका फिरतो. १९५८ पासून हे हार्मोन मृत माणसांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून काढून मुलांना देत. त्यातल्या काहींना पुढे कित्येक वर्षांनी क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला. १९८५ साली अमेरिकेत ते बंद झालं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत जनुकीय तंत्रानं बनवलेल्या हार्मोनला मंजुरी मिळाली. आज मिळतं ते हेच. त्यात मानवी ग्रंथीचा अंशही नसतो. नणंदबाईंना एवढं सांगा.

टेस्ट उपाशीपोटी होते. गोळी देतात आणि हाताला लावलेल्या सुईतून दर अर्ध्या तासानं रक्त घेतात. त्या गोळीनं बीपी उतरतं, मूल पेंगतं. घाबरू नका, पण त्या दिवशी शाळा नको. एरवी कधीही रक्त काढून हे हार्मोन मोजण्यात अर्थ नाही, कारण ते झटक्याझटक्यानं सुटतं, जास्तीत जास्त गाढ झोपेत. कमी निघालंच तर मेंदूचा एमआरआयही करतील, पिट्युटरी बघायला.

मला टोचून घ्यायचा कंटाळा होता, दुखण्याचा नव्हे. दहावीच्या सुट्टीत मित्रांकडे राहायला जायचं तर बर्फाच्या पिशवीत इंजेक्शनचं पेन. तेवढंच लाजिरवाणं.

लेकीचा_बाबा:
आमच्या मुलीला टर्नर सिंड्रोम (मुलींमधला जन्मजात गुणसूत्रांचा दोष, त्यात उंची खुंटते) आहे, तिलाही हेच देतो. रात्री झोपताना, आज मांडी तर उद्या पोट, जागा बदलत. पेन फ्रीजच्या दारात नको, फ्रीझरला चिकटून तर मुळीच नको. एकदा गोठलं की टाकून द्यायचं. डोस वजनावर असतो, म्हणून दर भेटीत वजन-उंची. सारखं डोकं दुखणं, दिसायला धूसर, किंवा लंगडणं आणि कमरेत-गुडघ्यात दुखणं, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच फोन करा. काही देशांत आठवड्यातून एकदा द्यायचं इंजेक्शनही मंजूर झालंय, ते विचारून ठेवा.

पिंट्याची आई:
टेस्टची तारीख घेतली. खमका, एक विचारू? हे बंद कधी करतात?

खुजा_पण_खमका:
वाढ वर्षाला दोन सेंमीच्याही खाली आली की. त्यानंतर मोठेपणीही हार्मोन लागतंय का, ते पुन्हा तपासतात. मला नाही लागलं. आणि हो, १६४!