मदत हवी आहे: संख्याशास्त्रातलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात वनस्पतीशास्त्रात पीएचडी करतेय. वेताळ टेकडीवरच्या गिरिपुष्पाची 12 झाडं, 6 उन्हातली, 6 सावलीतली. प्रत्येकी 30 पानांची मापं घेतली, 360 नमुने धरून टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) लावली आणि मोकळी झाले. पेपर परत आला: एकाच झाडाची पानं स्वतंत्र नमुने नव्हेत, खरे नमुने 12च! (बरोबरच आहे म्हणा.) आता झाडाला रँडम इफेक्ट धरून मिक्स्ड मॉडेल लावायचंय, म्हणजे कुठलं पान कुठल्या झाडाचं हे हिशोबात धरणारी पद्धत. आर (R, संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) चालवता येतं, आलेला निकाल वाचता येत नाही. विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात दुसऱ्या विषयाच्या विद्यार्थ्याला कुणी तासभर वेळ देतं का? थेट जाऊ की आधी मेल करू? काम वाढलं तर सहलेखक म्हणून नाव नक्की. एक्सेल शीट तयार आहे.