अप्पांच्या पायातलं हाड काढून जबड्यात बसवणार म्हणतात, नंतर चालता येतं का?

तासगावची_लेक:
नमस्कार मंडळी. आमच्या अप्पांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलण्यात जन्म घालवला आणि गालात तंबाखू-चुना कायमचा. आता खालच्या जबड्याचा कॅन्सर निघालाय, हाडात शिरलाय म्हणून हनुवटीसकट जबडा काढायचा म्हणतात. इथवर कसंतरी पचवलं. पण प्लास्टिक सर्जन म्हणाले पायातलं हाड, त्यावरची कातडी आणि रक्ताची नळी सगळं एकत्र काढून जबड्याच्या जागी लावू, फ्री फिब्युला फ्लॅप का काय, दहा-बारा तास लागतील. अप्पांनी तिथंच हात जोडले, तोंड गेलं तर जाऊ दे पण पाय नको. आई तर नुसती रडतीय. कुणाच्या घरात झालंय का हे? आणि पायातलं हाड तोंडात जगतं कसं?

कृष्णाकाठ_वाळवा:
ताई, माझ्या सासऱ्यांचं झालंय, रोज पारावर चालत जातात गप्पा हाणायला. गुडघ्याखाली दोन हाडं असतात, नडगीचं जाड हाड जवळजवळ सगळा भार घेतं, बाहेरच्या अंगाचं बारीक हाड ते फिब्युला. तेही पूर्ण काढत नाहीत, घोट्याजवळ ६-७ सेंटिमीटर ठेवतात म्हणून घोटा डगमगत नाही आणि वर गुडघ्यापाशी थोडं ठेवतात कारण तिथनं पाऊल उचलणारी नस जाते. त्रास अगदीच नाही असं नाही, अंगठा पूर्वीसारखा वळत नाही, थंडीत घोटा आखडतो. खरं डोकं खाल्लं ते पायावरच्या जखमेनं, तिथं मांडीची पातळ कातडी लावलेली, तिच्या ड्रेसिंगला जबड्यापेक्षा जास्त वैतागलो आम्ही. पोती उचलायचं मात्र विसरा आता, वयही झालंच असेल की.

मिरज_स्टाफनर्स:
हाड जगतं कसं ते सांगते. नुसतं हाड नेऊन ठेवलं तर एवढ्या मोठ्या तुकड्याला रक्त मिळत नाही, त्यात पुढं रेडिएशन, मग ते मरतंच. म्हणून त्याची स्वतःची धमनी आणि शिरा बरोबर आणतात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली शिवतात. नळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, धागा केसापेक्षा बारीक. हाड मधे कापून कापून जबड्याचा बाक देतात, प्लेट-स्क्रू मारतात.

खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन दिवसांत. आयसीयूत आम्ही तासातासाला टॉर्च मारून तोंडातला पॅच, म्हणजे हाडाबरोबर आणलेली पायाची कातडी, बघतो, नातेवाइकांना वाटतं ही बाई पेशंटला झोपू देत नाही. गुलाबी आणि कोमट असला, दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग परत आला तर चांगलं. जांभळा पडून फुगला आणि दाबल्यावर रंग झटकन परत आला तर शिरेत गुठळी, पांढरा फटक आणि गार पडला तर धमनीचा लोचा. मग रात्रीचे तीन वाजलेले असले तरी परत ऑपरेशन थिएटरात. काही तासांत उघडलं तर बऱ्याचदा पॅच वाचतो, उशीर झाला की गेला. गळ्याला भोक आणि नाकात नळी असणार काही दिवस, बघून घाबरू नका.

फुकटचा_सल्ला_विटा:
एवढा घोळ कशाला, छातीचं मांस फिरवून लावतात आणि प्लेट टाकतात, निम्म्या वेळात काम होतं. आमच्या मावसभावाचं तसंच केलं, मस्त आहे.

मिरज_स्टाफनर्स:
भाऊ, मावसभावाचा जबडा बाजूचा गेला असेल. तिथं ते चालतं, आणि ज्याला लांबलचक ऑपरेशन झेपणार नाही त्याला तर तेच करतात. हनुवटी गेल्यावर नुसत्या प्लेटवर ठेवलं तर ती कातडी फाडून बाहेर येण्याची भीती फार, खालचा ओठ लोंबतो, लाळ थांबत नाही. जबड्यासाठी हे हाड वापरायला १९८९ पासून सुरुवात झाली, प्रयोग नाहीये हा काही.

तासगावची_लेक:
ताई, दादा, लई आभार, अप्पांना वाचून दाखवलं. तंबाखू बंद केलीय पण आईच्या डबीतली मिसरी लावतात गुपचूप, दात ठणकतो म्हणून. तेवढं चालेल ना? आणि खर्चाचं काय?

मिरज_स्टाफनर्स:
अजिबात नाही, मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की! निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, ती दोन मिलिमीटरची नळी त्यातच बंद पडायची. डबी घरातनंच हलवा, आईंचीही सुटली तर बरंच. खर्चासाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा, महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन त्या हॉस्पिटलला मंजूर आहे का ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. आणि पायाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ झालाय का? काहींच्या पावलाला मुख्य रक्त हाडाबरोबर काढतात त्याच धमनीतनं जातं, तसं असलं तर त्या पायाला हात लावत नाहीत.

कृष्णाकाठ_वाळवा:
रेडिएशनचीही तारीख आत्ताच बोलून ठेवा. आम्हाला ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू करा म्हणाले होते, आणि त्याआधी जखमा भरायला हव्यात, पायाच्या नाही हो, तोंडाच्या. दाताच्या डॉक्टरलाही रेडिएशनच्या आधीच दाखवा, राहिलेल्यातले किडके दात तेव्हाच काढून टाकतात.