चेतना गाला सिन्हा: बँक उभारणाऱ्या उद्योजिका की खातेदारांच्या कैवारी?

प्रश्न: वैशाखी

नमस्कार. आमच्या वाचक मंडळात पुढच्या महिन्यात मला माणदेशी महिला सहकारी बँकेच्या संस्थापिका चेतना गाला सिन्हा यांच्या जीवनकार्यावर अर्धा तास बोलायचे आहे. त्यांच्या आयुष्याचा ढोबळ आराखडा मला ठाऊक आहे. मुंबईत जन्म आणि शिक्षण, अर्थशास्त्राचा अभ्यास, तरुणपणी जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात सहभाग, त्याच वर्तुळातील विजय सिन्हा या शेतकरी कार्यकर्त्याशी विवाह, आणि ऐंशीच्या दशकात मुंबई सोडून सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे कायमचे वास्तव्य. त्यानंतर 1997 मध्ये बँकेची स्थापना झाली आणि 2018 मध्ये दाव्होस येथील जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीच्या सहअध्यक्षांमध्ये त्यांची निवड झाली.

मात्र तयारी करताना दोन ठिकाणी मी अडले आहे. पहिली अडचण अशी की, त्यांची ओळख करून देताना कोणी त्यांना उद्योजिका म्हणते, तर कोणी समाजसेविका. मला स्वतःला वाटते की त्यांचे खरे काम खातेदाराच्या बाजूने उभे राहण्याचे आहे, परंतु जी व्यक्ती स्वतःच बँक काढते तिला ग्राहकांची कैवारी म्हणणे योग्य ठरेल का? दुसरी अडचण रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारल्याच्या प्रसंगाची आहे. तो प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्यातील रिझर्व्ह बँक ही गोष्टीतल्या दुष्ट राजासारखी वाटू लागते. तिची बाजू काहीच नव्हती का? माणदेशाशी किंवा सहकारी बँकिंगशी संबंध असलेल्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद 1: माणगंगेकाठचा

वैशाखीताई, मी माण तालुक्यातला आहे आणि माझ्या आईचे खाते या बँकेत गेली अनेक वर्षे आहे, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो.

माण, खटाव, आटपाडी आणि सांगोला हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा आहे. येथे ज्वारी-बाजरी, शेरडे-मेंढरे, खिल्लार जनावरे आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर यांवर घरे चालत आली आहेत. अशा घरात पैसा वर्षातून ठरावीक वेळी येत नाही. तो बाजाराच्या दिवशी पिशवीतून येतो आणि दुसऱ्या बाजाराच्या आत संपतो. बँकेची सुरुवात ज्या प्रसंगाने झाली तो याच प्रकारचा आहे. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या कांताबाई नावाच्या एका बाईंना पावसाळ्यापूर्वी पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते. त्या कर्ज मागत नव्हत्या, अनुदानही मागत नव्हत्या. त्यांना केवळ खाते हवे होते. रक्कम फारच लहान आहे या कारणाने बँकेने ते उघडण्यास नकार दिला. चेतनाताईंनी स्वतः चौकशी केली तेव्हाही उत्तर बदलले नाही, आणि तेव्हा आपणच बँक काढावी हा विचार पुढे आला.

आपल्या व्याख्यानात या प्रसंगावर थांबावे असे मला वाटते. गरिबाला कर्ज हवे असते असे आपण धरून चालतो. कांताबाईंना आपलेच पैसे सुरक्षित ठेवण्याची जागा हवी होती, आणि ती मिळत नव्हती.

दुसरी गोष्ट माझ्या घरातली आहे. आईने सुरुवातीला पासबुक घरी आणण्यास नकार दिला होता. पूर्वी दुसऱ्या एका संस्थेत तिचे खाते होते. त्याचे पासबुक तिने ज्वारीच्या कणगीत, दाण्यांच्या आत हातभर खोल पुरून ठेवले होते. एकदा वडिलांनी दळायला दाणे काढले आणि पासबुक त्यांच्या हाती आले. त्या वर्षी साठवलेली सगळी रक्कम काढली गेली. कशासाठी ते येथे लिहीत नाही. माझे वडील वाईट माणूस नव्हते, परंतु बायकोची शिल्लक ही घराची शिल्लक आणि घराची शिल्लक ही पुरुषाची, असाच हिशेब तेव्हा सर्वत्र होता. पासबुक घरी नको असे म्हणणाऱ्या बायका आमच्या भागात अनेक होत्या आणि माणदेशी बँकेला आपली पद्धत त्यानुसार जुळवून घ्यावी लागली. दारापर्यंत येऊन पैसे गोळा करणे आणि शिलकेचा तपशील घरच्यांच्या हाती न पडणे या सोयी वातानुकूलित खोलीत बसून सुचलेल्या नाहीत.

पुढे यंत्रावर व्यवहार सुरू करण्याची वेळ आली तेव्हा बायकांनी गुप्त क्रमांकही नाकारला. क्रमांक कोणीही काढून घेऊ शकतो, अंगठा कोणी चोरू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चेतनाताई आपल्या जाहीर भाषणांत हे स्वतः सांगतात, आणि आपली चूक खातेदार बाईने दुरुस्त केली अशाच सुरात सांगतात.

प्रतिसाद 2: निवृत्त सहकारी

मी एका नागरी सहकारी बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली. आपल्या दुसऱ्या प्रश्नाला आधी उत्तर देतो.

प्रसंग थोडक्यात असा. परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण प्रवर्तक सदस्यांपैकी अनेक बायका निरक्षर होत्या आणि अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. म्हसवडला परतल्यावर चेतनाताई खचल्या होत्या. बायकांनीच त्यांना सांगितले की रडू नका, आम्ही लिहायला-वाचायला शिकू. दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी वर्ग सुरू झाले. सुमारे पाच महिन्यांनी पंधरा बायका त्यांच्यासोबत पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळाच नव्हती, तेव्हा आमच्या निरक्षरतेचा दोष आम्हाला देऊ नका, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. पुढे त्यांनी आव्हान दिले की कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्हाला विचारा, आपल्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय तेच काढायला सांगा, आणि कोण आधी सांगते ते पाहा.

हे आव्हान शहरी श्रोत्यांना चमत्कारासारखे वाटते, परंतु गावातल्या बाजारात वाढलेल्या कोणालाही ते स्वाभाविक वाटेल. तेथे व्याज वार्षिक टक्क्यांत बोलले जात नाही, तर ‘शेकडा दोन रुपये’ असे महिन्याच्या हिशेबाने बोलले जाते. दहा हजारांना शेकडा दोनने महिन्याला दोनशे, पाच महिन्यांना हजार. ज्या बाईने सावकाराचे असे हप्ते वर्षानुवर्षे फेडले आहेत तिला हे गणित झोपेतून उठवले तरी येते. तिला जे येत नाही, आणि आमच्यासारख्यांनी जे तिला शिकवायला हवे होते, ते वेगळे आहे. वार्षिक बारा टक्के दराने दहा हजारांचे कर्ज बारा मासिक हप्त्यांत फेडायचे असेल आणि व्याज सरसकट मूळ रकमेवर आकारले तर ते बाराशे रुपये होते. घटत्या शिलकेवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर, आकारले तर सुमारे सहाशे साठ. दर दोन्हीकडे बाराच सांगितला जातो. मी ज्या बँकेत होतो तेथे एके काळी पहिली पद्धत वापरली जाई आणि कर्जदाराला फरक समजावून सांगण्याची आम्हाला सूचना नव्हती. मी स्वतः असे अनेक अर्ज भरून घेतले आहेत, आणि मला त्याची आजही खंत वाटते.

आता रिझर्व्ह बँकेची बाजू. नव्वदच्या दशकात, रिझर्व्ह बँकेनेच नेमलेल्या मराठे समितीच्या 1992 च्या शिफारशींनंतर, नागरी सहकारी बँकांना परवाने देण्याचे धोरण बरेच सैल झाले होते. ठेवी लोकांच्या असतात, त्यामुळे संचालकांना ताळेबंद वाचता आला पाहिजे अशी अपेक्षा ठेवणे हे नियामकाचे कर्तव्यच आहे आणि त्याला मी आडमुठेपणा म्हणणार नाही. परंतु त्या अपेक्षेचे माप म्हणून साक्षरता निवडणे चुकले. 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक बुडाली, त्या काळात शेअर दलालांना दिलेल्या कर्जांमुळे. तिच्या संचालकांना लिहिता-वाचता येत नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. ठेवीदाराला धोका कोठून येतो हे म्हसवडच्या बायकांना त्या अर्जाच्या वेळी अधिक नेमके ठाऊक होते असे माझे मत आहे, कारण ठेवीदार त्या स्वतःच होत्या.

हेच आपल्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर आहे. 1,335 बायकांनी मिळून 7,08,000 रुपये जमवले आणि बँक उभी राहिली. सहकारी बँकेत भागधारकाचे भाग कितीही असोत, मत एकच असते. जी बाई खातेदार तीच मालक असेल तर उद्योजिका आणि ग्राहकांची कैवारी या दोन भूमिकांत जो विरोध आपल्याला दिसतो तो निदान रचनेत तरी उरत नाही. प्रत्यक्षात तो पुन्हा उभा राहू शकतो, कारण सभासद वार्षिक सभेला येईनासे झाले की सहकारी बँकही चार जणांची होते. हे मी जवळून पाहिले आहे.

प्रतिसाद 3: अभ्यासिका

एक दुरुस्ती. काही ठिकाणी माणदेशीला ‘भारतातील पहिली महिला बँक’ म्हटले जाते, ते आपण टाळावे. अहमदाबादमध्ये इला भट्ट यांच्या पुढाकाराने, कष्टकरी बायकांच्या ‘सेवा’ या संघटनेची सेवा सहकारी बँक 1974 मध्येच सुरू झाली होती. तेव्हा चार हजार कष्टकरी बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेतला होता आणि तेथेही निरक्षर बायका बँक कशा चालवणार हाच आक्षेप आला होता. माणदेशीचे वेगळेपण ग्रामीण बायकांनी ग्रामीण बायकांसाठी काढलेली बँक हे आहे. चेतनाताईंचे महत्त्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट, बावीस-तेवीस वर्षांनंतरही तोच आक्षेप तशाच शब्दांत घेतला जावा, याचे मला अधिक वाईट वाटते.

ग्राहक चळवळीबद्दलही एक गोष्ट सुचवते. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम 1974 मध्ये सुरू केले आणि ग्राहक संरक्षण कायदा 1986 मध्ये आला. त्या चळवळीचा भर वस्तूची किंमत, वजन, भेसळ आणि सेवेतील त्रुटी यांवर होता, म्हणजे जो आधीच ग्राहक आहे त्याच्या तक्रारीवर. कांताबाईंना तर कोणी ग्राहक म्हणून स्वीकारलेच नव्हते, आणि ज्याला दारातच उभे केले जात नाही त्याला कोणत्या मंचापुढे तक्रार करता येईल? शून्य शिलकेच्या साध्या खात्यांचा आग्रह रिझर्व्ह बँकेने 2005 पासून धरला आणि जनधन योजना 2014 मध्ये आली. म्हसवडमध्ये हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. आपल्या व्याख्यानात हा कालक्रम जरूर मांडावा.

वैशाखी

सर्वांची मनापासून आभारी आहे. निवृत्त सहकारी सरांनी दिलेला बाराशे आणि सहाशे साठचा हिशेब मी फळ्यावर मांडूनच दाखवणार आहे. एक शंका उरते. बँकेव्यतिरिक्त 2006 पासूनची ग्रामीण बायकांसाठीची व्यवसायशाळा, सामुदायिक रेडिओ आणि दुष्काळातील चारा छावणी या कामांचाही उल्लेख मला सापडतो. व्यवसायशाळा समजते, परंतु बँक काढणाऱ्या व्यक्तीने जनावरांची छावणी चालवावी हे मूळ कामापासून भरकटणे नाही का? मंडळात हा प्रश्न नक्की येईल.

माणगंगेकाठचा

ताई, हा प्रश्न चेतनाताईंना केराबाई नावाच्या एका खातेदार बाईंनी उलट बाजूने विचारला होता. त्या सोने गहाण ठेवायला बँकेत आल्या. कशासाठी, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की दुष्काळ पडला आहे, जनावरांना चारा नाही आणि पाणी नाही, ते विकत घ्यायचे आहे. पुढे त्यांनी विचारले की आम्ही सगळेच गाव सोडून गेलो तर तुम्ही बँक कोणाबरोबर चालवणार? त्यानंतर छावणीचा निर्णय झाला. गहाणावर कर्ज देणे हा बँकेचा धंदाच आहे आणि कर्ज देऊन गप्प बसणे नियमात बसणारे होते. परंतु त्या कर्जातून घेतलेला चारा आठ-पंधरा दिवसांत संपला असता, आणि त्यानंतर ना जनावर उरले असते ना दागिना. अशा वेळी कर्ज मंजूर करणारा खातेदाराचे भले करतो आहे असे मला तरी म्हणता येत नाही. म्हणून छावणीला मी भरकटणे म्हणणार नाही.

2012-13 च्या त्या दुष्काळात म्हसवडची छावणी सुमारे दीड वर्ष चालली आणि हजारो जनावरे तेथे जगली. माझी आई आमच्या दोन गाई आणि एक कालवड घेऊन तेथेच राहायला गेली होती आणि मी सुट्टीला पुण्याहून थेट छावणीवरच जात असे. ओळीने बांधलेले आडोसे, प्रत्येक दावणीपाशी एक खाट, एक चूल आणि पाण्याची एक टाकी. सकाळी वैरण वजन करून मिळे, आणि आई ती पुन्हा स्वतःच्या हाताने तीन ढिगांत वाटत असे, कालवडीचा ढीग नेहमी थोडा मोठा. आईच्या पाटल्या तेवढे दिवस बँकेतही गेल्या नाहीत आणि सावकाराकडेही गेल्या नाहीत. छावणी उठली तेव्हा तिन्ही जनावरे घरी परतली, आणि पुढच्या वर्षी ती कालवड पहिल्यांदा व्यायली.