शब्दचर्चा : ‘क्रूनर’, ‘उतरती कळा’, ‘पुनरागमन’

विचारणा : अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रावरच्या मराठी लेखात ‘क्रूनर’ला ‘भावगीत गायक’ म्हणता येईल का? शिवाय १९५२ साठी ‘गच्छंती’ आणि १९५३ साठी ‘पुनरागमन’ बरोबर वाटतं का?

प्रतिसाद : ‘भावगीत गायक’ नको. भावगीत हा गीतप्रकार. क्रूनिंग ही गायची तऱ्हा, आणि ती मायक्रोफोनच्या पोटी जन्मली. माइक नव्हता तोवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. माइक आल्यावर कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. त्यातही कसब लागतं. रिबन प्रकारच्या माइकच्या फार जवळ गेलं की खर्ज फुगतो, ‘प’ आणि ‘ब’ उच्चारताना हवेचा झोत आपटून ‘फट्’ असा आवाज येतो. म्हणून तोंड किंचित तिरकं ठेवायचं, स्वर चढला की मागे सरायचं. सिनात्राचा दमसास टॉमी डॉर्सीच्या बँडमधला (१९४०-४२) : डॉर्सी ट्रॉम्बोन या फुंकवाद्यावर लांबलचक ओळ न तोडता कशी वाजवतो, ते बघून त्यानं तो कमावला. तेव्हा ‘क्रूनर’ हाच शब्द ठेवा.

प्रतिसाद : १९४९ ते ५२ या काळाला ‘उतरती कळा’ चपखल बसतं, कारण घसरण टप्प्याटप्प्यानं झाली. मात्र १९५० साली न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमधल्या प्रसंगाला ‘आवाज बसला’ लिहू नका. बसलेल्या आवाजात माणूस कसाबसा कार्यक्रम रेटून नेतो. इथे स्वरतंतूंतून रक्तस्राव झाला होता, मौन पाळण्यावाचून इलाज नव्हता. ‘गच्छंती’त पदावरून हाकलल्याचा भाव येतो. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं १९५२ मध्ये करार पुढे चालू ठेवला नाही, तेवढंच लिहावं.

प्रतिसाद : पुनरागमनाला आधी निघून जावं लागतं. १९५३ पर्यंत सिनात्रा गातच होता, फक्त ऐकणारे ओसरले होते. त्या वर्षी कॅपिटॉल या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी करार, नेल्सन रिडलची साथ, १९५४ मध्ये सहायक अभिनेत्याचं ऑस्कर, १९५५ मध्ये एकाच उदास भावाची सोळा गाणी असलेला ‘इन द वी स्मॉल अवर्स’ हा अल्बम : याला ‘पुन्हा जम बसला’ किंवा ‘उभारी घेतली’ म्हणावं. ‘पुनरागमन’ १९७३ साठी राखून ठेवा. १९७१ मध्ये त्यानं खरोखर निवृत्ती जाहीर केली होती. आणि या गाण्यांसाठी रिडलला ‘संगीतकार’ लिहू नका. चाली इतरांच्या होत्या, वाद्यमेळ त्याचा. आपल्याकडे त्याला ‘संगीत संयोजक’ म्हणतात.