बोट लागणाऱ्या माणसाने स्कुबा करावं का?

घाटात_पिशवी:
मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही आठजण कोल्हापूरहून मालवणला चाललोय आणि सगळ्यांचं स्कुबा ठरलंय. मला गाडी लागते, म्हणजे गगनबावड्याच्या घाटात ड्रायव्हरशेजारी बसूनपण पिशवी लागतेच. गेल्या वर्षी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोट नांगरली, माझा नंबर पाचवा, तोवर बोट नुसती डचमळतेय आणि माझा नंबर यायच्या आत सकाळची मिसळ समुद्रात. पाण्यात उतरलोच नाही, पैसे गेले ते गेले, वर पोरं अजून 'माशांना जेवण घातलंस' म्हणतात. गोळी घेऊन उतरलं तर चालतं का? आणि खाली असताना उलटी आली तर? तोंडात तर ती नळी असते. हसू नका, खरंच भीती वाटते.

दर्यावेडी:
दादा, तुम्हाला बोट लागलीये, स्कुबा नाही. त्यात नांगरलेली बोट म्हणजे कहर, कारण डोळ्यांना समोरची फळी स्थिर दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग ओरडत असतो की हलतंय, हलतंय. मोबाईलमध्ये तोंड घातलं की संपलंच. बोटीच्या मधोमध बसा, डिझेलचा धूर अंगावर येणार नाही असं, नजर लांब किनाऱ्यावरच्या माडांवर. आणि भांडून पहिला नंबर घ्या! पाण्यात थोडं खाली गेलं की बऱ्याच जणांना एकदम बरं वाटतं. उथळ पाण्यात मात्र लाट तळाशीपण मागेपुढे ढकलते, तेव्हा हलणारं शेवाळ बघत बसायचं नाही, एखादा खडक धरून ठेवायचा. नजरेने हो, हाताने नाही.

आता उलटी. रेग्युलेटर, म्हणजे तुम्ही म्हणता त्या नळीचं तोंडात धरायचं टोक, तोंडातून काढायचा नाही म्हणजे नाही. हाताने तोंडाशी दाबून धरायचा आणि त्यातच ओकायचं, बाहेर जायच्या झडपेतून निघून जातं, मग रेग्युलेटरच्या तोंडावरचं बटण दाबलं की हवेच्या जोराने उरलंसुरलं साफ. काढून टाकलात तर उमाशानंतर जो श्वास आपोआप आत ओढला जातो त्यात पाणी जातं, खरा धोका तो. मी अंदमानला हॅवलॉकला हे केलंय. अर्ध्या मिनिटात पट्ट्यापट्ट्यांचे मासे जेवायला हजर, त्यामुळे तुमचे मित्र खोटं बोलत नाहीयेत.

अजून एक, मळमळ सांगायला अंगठा वर करू नका, पाण्यात त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. पंजा आडवा धरून हलवायचा, म्हणजे काहीतरी बिघडलंय. आणि घाबरून श्वास रोखून वर सुटायचं नाही, फुफ्फुसाला इजा होते.

गोळीवाला_काका:
मी मेडिकल चालवतो म्हणून फक्त गोळीचं सांगतो. एव्होमिन बोटीत बसल्यावर घेऊन काही उपयोग नाही, तास-दोन तास आधी पोटात हवी. पण तिने झोप येते, आणि पाण्याखाली पेंगणं बरं नव्हे. डॉक्टरांना 'डायव्हिंग करणारे' असं स्पष्ट सांगून विचारा, आणि त्यांनी दिली तर आधी घरी एखाद्या रविवारी घेऊन बघा किती झोप येते ते. स्कुबाआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, त्यावर गोळीचं लपवू नका. उपाशीपण जाऊ नका, दोन केळी, पाणी, बास. आदल्या रात्रीची 'बैठक' मात्र रद्द, निम्म्यांची मळमळ तिथलीच असते 😄
सर्दी असेल तर उतरूच नका. एका कानातला दाब सुटला आणि दुसऱ्यातला नाही सुटला की खाली गरगरतं, त्याला गोळी नाही.

देवबागचो_झील:
येवा, पण सकाळी येवा. दुपारनंतर वारो सुटता नि बोट लय हलता.

घाटात_पिशवी:
सगळ्यांचे आभार, सकाळचा पहिला स्लॉट बघतो, मिसळ परत आल्यावर. बायको विचारतेय, नळीत उलटी केली तर ती मग पुढच्याच्या तोंडात देतात का?

दर्यावेडी:
वर आल्याआल्या बोटवाल्याला सांगायचं, लाजायचं नाही, तो धुऊन बाजूला ठेवतो. आणि वहिनींना सांगा, त्यांचा नंबर तुमच्या आधी लावा.