मदत हवी आहे: जोड-इंजीन बोट क्रूझिंगला जास्त पेट्रोल खाते, सुरुवात कुठून करू?

सुकाणूधर: साडेआठ मीटरची फायबर बोट, मागे १५० अश्वशक्तीची दोन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेली इंजिनं). ४२०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) २३ नॉट, म्हणजे ताशी २३ सागरी मैल, मिळतात. डिस्प्लेवर डावं इंजीन ताशी ३२ लिटर दाखवतं, उजवं ३९. पूर्ण थ्रॉटलला दोन्ही ५३०० पर्यंतच जातात. मॅन्युअलमध्ये ५००० ते ६००० दिलंय. टाकी ४०० लिटरची. एवढं पेट्रोल लागणं नॉर्मल आहे का? आणि एकच इंजीन चालवलं तर बचत होईल का?

भरती_ओहोटी: एकूण ७१ लिटर भागिले २३ नॉट, म्हणजे सागरी मैलाला ३.१ लिटर. या आकाराला हे अवाच्या सवा नाही. पूर्ण थ्रॉटलला फोर-स्ट्रोक साधारण अश्वशक्तीमागे ताशी ०.३८ लिटर पितं, म्हणजे तुमचं एक इंजीन ५७ च्या आसपास. त्या मानाने डाव्याचे ३२ ठीक वाटतात. खटकतो तो दोन इंजिनांतला ७ लिटरचा फरक.

पण आधी आकडा खरा आहे का ते बघा. बहुतेक इंजिनांत तो आकडा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेला असतो, प्रत्यक्ष मोजलेला नसतो. टाकी फुल करा, निम्मी तरी वापरा आणि त्याच पंपावर, बोट तशीच सपाट असताना पुन्हा फुल करा. डिस्प्ले १८० म्हणाला आणि पंपावर १९६ बसले, तर १.०९ ने गुणायचं. वेग जीपीएसचाच घ्या, तोही एकदा प्रवाहासोबत, एकदा उलट, आणि सरासरी काढा. दोन नॉटचा प्रवाह असेल तर एकाच दिशेच्या आकड्यावरून काहीही निष्कर्ष निघेल.

मग ३००० पासून ५००० पर्यंत दर ५०० आरपीएमला लिटर प्रति मैल लिहून काढा. बोट नाक वर करून पाणी ढकलत असते, तो टप्पा सगळ्यात खर्चिक. ती पाण्यावर नीट उचलली गेली, म्हणजे पृष्ठभागावरून घसरत पळू लागली, की आकडा खाली येतो, आणि पुढे हळूहळू पुन्हा चढतो. तो तळाचा आकडा ज्या वेगाला मिळतो, तो तुमचा क्रूझिंगचा वेग.

यंत्रवेडा: आरपीएम सारखे असताना एकच इंजीन जास्त पीत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजीन थंड करणाऱ्या पाण्याची झडप) उघडा अडकलाय का ते आधी बघा. तसं झालं की इंजीन तापतच नाही, आणि कॉम्प्युटर ते अजून थंड आहे असं समजून जादा पेट्रोल सोडत राहतो. दोन्हींचं तापमान शेजारी शेजारी वाचा. उजव्याची डिपस्टिकही काढून बघा: तेलाची पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल तेलात उतरतंय. अशा तेलावर इंजीन पळवू नका, बेअरिंगं जातात. थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि तेल एकदमच बदला.

सुकाणूधर: तापमान डावं ६८, उजवं ४९. तेल खुणेच्या वर बोटभर, वास स्पष्ट येतोय.

यंत्रवेडा: मग थर्मोस्टॅटच. बदलल्यावर काही तास चालवून पातळी पुन्हा बघा. तरीही वाढली तर इंजेक्टर गळतोय का ते तपासावं लागेल.

पंखा_पाती: ५३०० म्हणजे मर्यादेत असलं तरी लोड जास्त आहे. पूर्ण टाकी आणि नेहमीची माणसं घेऊन ५६००–५८०० पर्यंत जायला हवं. आधी तळ घासा. शेवाळ-शिंपले धरले असतील तर पंखा (प्रोपेलर) बदलून काही उपयोग नाही. तळ स्वच्छ असूनही आकडा तोच राहिला, तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो पुढे सरकेल ते अंतर) २ इंचाने कमी करा. इंचामागे साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. पंखे दोन्हींचे एकदमच बदला, आणि एक उलट फिरणारा असेल तर जोडी तशीच ठेवा.

ट्रिमच्या, म्हणजे इंजिनाचा कल दाखवणाऱ्या, काट्यावर विसंबू नका. मागे उभं राहून पंख्यांवरच्या आडव्या पट्ट्या एका रेषेत आहेत का ते डोळ्यांनी बघा. मग दोन्ही इंजिनं थोडी थोडी बाहेर (बोटीपासून दूर) कलती घ्या. पंखा हवा ओढू लागला, आरपीएम उडाले की किंचित आत. एवढ्याने सुद्धा एखादा नॉट फुकट मिळतो.

भरती_ओहोटी: एका इंजिनाचं राहिलं. ६ नॉटपर्यंत जायचं असेल तर खुशाल. मैलाला निम्म्याहून कमी लागतं. दुसरं इंजीन मात्र वर उचला, पाण्यात राहिलं तर ओढ देतं. एकावर बोट उचलायचा प्रयत्न करू नका: हे पिच दोघांसाठी निवडलेलं आहे, एकटं इंजीन पूर्ण थ्रॉटलला अडकून घुसमटतं आणि पेट्रोल उलट वाढतं.

टाकीचा हिशेब तिसऱ्या हिश्श्यानेच धरा. ४०० पैकी १३३ लिटर जायला, तेवढेच यायला, उरलेले राखीव. ३.१ ने जाण्याचे ४२–४३ मैल होतात. दुरुस्तीनंतर आकडा सुधारला तरी खवळलेल्या समुद्रातला आकडा वेगळा मोजल्याशिवाय हे अंतर वाढवू नका.