ओव्हन नाही, पोट्ट्यांसोबत केक कसा करायचा?

मी नागपुरात मानकापूरला राहते, मुलगी ७ अन मुलगा ५ वर्षांचा, दोघं सारखे मागं लागलेत केक करू म्हणून, त्यांच्या हातानं काय जमेल?

उत्तर १: रवा केक करा नं ताई. बारीक रवा १ वाटी, पिठीसाखर पाऊण, दही अर्धी, तेल पाव अन मृग बहाराची (पावसाळ्यात फुलून फेब्रुवारी-मार्चात येणारी) संत्री मिळत असतील तर अर्धी वाटी रस, सगळं पोट्टेच कालवतील, मग २० मिनिटं झाका, रवा फुगतो. पाव चमचा सोडा शेवटी लहान्याला टाकू द्या, आंबटात बुडबुडे येतात ते पाहून भलतेच खूश होतात!

उत्तर २: कुकरची शिट्टी, रबर काढा, पाणी नाही, तळाला मीठ अन वर स्टँड, त्यावर केकचं भांडं, मंद आचेवर ४० मिनिटं. गॅसजवळ फक्त तुम्हीच.

उत्तर ३: संत्र्याच्या बिया आधी काढा, रस कडू होते. उन्हाळ्यात भेळ कालवू द्या, त्यातला सांबार (कोथिंबीर) हातानंच तोडतात, सुरी नको.